डाव्या चाकात मोसंबी, उजव्या चाकात लिंबू

आमच्या शहराला मोठ्या गाड्यांचं वावडं कधीच नव्हतं. वावडं आहे ते इथल्या रस्त्यांना. १६१२ सालचा भडकल दरवाजा घ्या, नाहीतर दिल्ली दरवाजा घ्या, बांधणाऱ्यांनी हत्ती डोळ्यांसमोर ठेवून बांधले. हत्तीला बाजूचे आरसे नसतात आणि हत्तीच्या पोटाखालून रिक्षा घुसवायचा कुणी प्रयत्न करत नाही, एवढं त्यांच्या हिशेबातून राहून गेलं. तरी आमची हौस काही थांबली नाही. २०१०च्या ऑक्टोबरात इथल्या मंडळींनी मिळून एकदम १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या, ६५ कोटींच्या. स्टेट बँकेनं सात टक्क्यांनी कर्ज दिलं. शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी याहून चढं व्याज पडतं, हे पी. साईनाथांनी मागाहून लिहिलं, पण तोवर गाड्यांना हार घालून झाले होते. लोकांना नवल वाटलं ते ६५ कोटींचं. मला नाही वाटलं. दीडशे जण एकत्र येऊन एक वस्तू घेतात याचा अर्थ, उद्या काही बिघडलं तर दीडशे जण मत द्यायला हजर. आमच्याकडे गाडी एकट्यानं घेत नाहीत आणि एकट्यानं दुरुस्त तर मुळीच करत नाहीत.

आमचे साडूभाऊ त्या दीडशेत नव्हते. त्यांचा नंबर उशिरा लागला. बिडकीनकडची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, पैसे खात्यावर आले, आणि त्यांनी पुण्याहून एक अवाढव्य एसयूव्ही आणली, सेकंडहँड. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच त्यांना वाईट वाटायचं. ‘डॉक्टरची गाडी आहे, एकहाती चाललेली,’ असं साडूभाऊंनी अभिमानानं सांगितलं. महाराष्ट्रातली प्रत्येक सेकंडहँड गाडी पूर्वी डॉक्टरचीच असते. इतक्या गाड्या वापरून आणि विकून ही मंडळी पेशंट कधी तपासतात, कोण जाणे.

या गाडीला स्प्रिंगा नाहीत, ही तिची थोरवी. प्रत्येक चाकाशी रबराची एक थैली, थैलीत हवा, आणि ती भरायला गाडीच्या पोटात एक कॉम्प्रेसर. बटण दाबलं की गाडी उठते, पुन्हा दाबलं की बसते. सुरुवातीला साडूभाऊंनी येईल त्या पाहुण्याला हे करून दाखवलं. शेवटी सासूबाईंनी विचारलं, ‘जावईबापू, एवढ्या उठाबशा कशाबद्दल?’

तर साडूभाऊंच्या मुलीचं लग्न ठरलं आणि बस्ता बांधायला सगळी वरात आमच्याकडे आली. आमचं घर शहागंजात, टॉवरच्या मागच्या अंगाला. मी फोनवर सांगितलं होतं की गाडी लांब कुठेतरी लावा आणि रिक्षानं या. पण गाडी लांब लावायची तर ती घेतली कशाला? साडूभाऊ सिटी चौकाकडून आत शिरले, हातगाड्या, बुरखे, सायकली, सीताफळांच्या पाट्या यांच्यातून वाट काढत आले, आणि नेमके आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्यात उजवं पुढचं चाक गेलं. धाडकन आवाज झाला. समोरच्या काचेमागे एक पिवळा दिवा लागला. गाडीचं छोटं चित्र, तिच्या शेजारी खालीवर बाण आणि त्याखाली इंग्रजीत दोन ओळी, की सस्पेन्शनमध्ये दोष आहे, वर्कशॉपला भेट द्या.

‘कोणता दोष?’ मेहुणीनं विचारलं.

‘ते नाही लिहिलेलं.’

‘मग लिहिलं कशाला?’

या प्रश्नाला जर्मनीपासून जपानपर्यंत कुणी उत्तर दिलेलं नाही. ज्या गाडीत कॉम्प्युटरांची पलटण बसवलेली असते, तिला नक्की कुठं दुखतंय ते ठाऊक असतं. पण सांगायचं नाही. फक्त पिवळं तोंड करून बसायचं.

साडूभाऊ मात्र शांत होते. ‘पिवळा आहे,’ ते म्हणाले, ‘लाल थोडाच आहे? क्रांती चौकात पिवळा लागल्यावर आपण काय करतो?’ क्रांती चौकात पिवळा लागल्यावर आपण आणखी जोरात दाबतो. त्यांनीही दाबला. गाडी खड्ड्यातून निघाली, गल्लीत दहा पावलं आली आणि भिंतीला लागून उभी राहिली. तिथे जे तिनं ठाण मांडलं, ते मांडलंच.

मला बोलावण्यात आलं. नातेवाइकांत माझा लौकिक असा की मी ‘वाळूजला कंपनीत’ होतो. होतो हे खरं. पण भांडारात. नट-बोल्ट मोजून रजिस्टरात चढवणं आणि सायंकाळी कमी भरलेल्या बोल्टांबद्दल खुलासा लिहिणं, एवढाच माझा यंत्रविद्येशी संबंध. तरी मी बॉनेट उघडायला लावलं आणि आत वाकून पाहिलं. आत सगळीकडे काळं प्लास्टिकचं झाकण होतं. मी झाकणावर दोन टिचक्या मारल्या आणि ‘हं’ म्हणालो. बाजूला उभ्या असलेल्या लोकांनीही ‘हं’ केलं. एव्हाना लोक जमले होते, हे सांगायला नकोच.

पहिला हक्क पंक्चरवाल्याचा. त्यानं चाकाला लाथ घातली, कान लावला आणि निकाल दिला, ‘हवा कमी आहे.’ चारही टायरांत हवा भरली. दिवा तसाच. ‘थोडी आणखी टाकू,’ तो म्हणाला, आणि टाकली. टायरातली हवा वेगळी आणि थैलीतली वेगळी, हे त्याला समजावून सांगण्याइतकं मला स्वतःला समजलेलं नव्हतं. मी पुन्हा ‘हं’ म्हणालो.

मग बॅटरीवाला आला. त्याच्या मते जगातले सगळे आजार बॅटरीतून सुरू होतात. त्यानं निगेटिव्हची वायर काढली, सर्वांना चहा पाजला (पैसे साडूभाऊंचे) आणि वायर परत लावली. दिवा गेला! टाळ्या पडल्या. साडूभाऊंनी त्याच्या खिशात नोट कोंबली. गाडी चालू करून जरा पुढेमागे करताच टिंग असा आवाज झाला आणि दिवा परत आला, अधिक तजेलदार होऊन. शिवाय आता रेडिओ कसलासा गुप्त आकडा मागू लागला, काचा आपोआप वर जाईनात, आणि गाडीतलं घड्याळ बारावर जाऊन बसलं. घड्याळाचं आम्हाला काही वाटलं नाही. शहागंजच्या निजामकालीन टॉवरवरचं घड्याळ कित्येक वर्षं बंद होतं, स्मार्ट सिटीवाल्यांनी ते पुन्हा चालू केलं, आणि या दोन्ही काळांत इथल्या कुणाची कुठे पोचायची वेळ बदलली नाही.

बॅटरीवाल्याची बाजू घेऊन सांगायचं, तर तो अगदीच चुकला नव्हता. व्होल्टेज पडलं की या गाड्या नाही नाही त्या तक्रारी करतात. पण आमचा आजार तो नव्हता.

भाचा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्यानं ऑनलाइन मागवलेलं काडेपेटीएवढं यंत्र स्टिअरिंगखालच्या खाचेत घुसवलं आणि मोबाइलकडे बघत बसला. निळी रेघ गोल गोल फिरली. ‘कोणताही दोष आढळला नाही,’ त्यानं जाहीर केलं. साडूभाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि तो स्क्रीन त्या पिवळ्या दिव्यासमोर धरला, कोर्टाचा स्टे दाखवावा तसा. दिवा हलला नाही. पुढे कळलं ते असं, की गाडीच्या दोषांच्या आकड्याआधी एक अक्षर असतं. इंजिनाच्या दोषाला पी, बॉडीच्याला बी, चासीच्याला सी, आणि आतल्या कॉम्प्युटरांचं एकमेकांशी बोलणं तुटलं तर यू. स्वस्तातली यंत्रं बहुधा इंजिनाशी बोलून परत येतात, चासीच्या दारात जातच नाहीत. म्हणजे भाच्यानं डोळ्यांच्या डॉक्टरकडून गुडघ्याचा दाखला आणला होता.

रात्री सासूबाईंनी सूत्रं हाती घेतली. पुढे लिंबू-मिरच्या बांधल्या, मीठ-मोहऱ्या उतरवल्या, आणि ‘नवी गाडी सगळ्यांना उठवून बसवून दाखवत सुटलात, लागणार नाही तर काय दृष्ट’ असं जावयाला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात पुटपुटल्या. मेहुणीनं त्याहून व्यवहारी इलाज केला. पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, त्यातली सर्वांत मोठी मरून टिकली निवडली आणि त्या पिवळ्या दिव्यावर नेमकी चिकटवली.

‘झालं,’ ती म्हणाली. ‘आता दिसतोय का?’

दिसत नव्हता. खरं सांगतो, त्या क्षणी आम्हा सगळ्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. साडूभाऊ तर जेवताना दुसऱ्यांदा पुरणपोळी घेते झाले. दोष गेला की नाही हा प्रश्न मागे पडला, दिवा गेला होता.

सकाळी मोसंबीवाला दारात उभा. त्याची हातगाडी रोज त्याच भिंतीला लागून असते. साडूभाऊंच्या गाडीनं जागा खाल्ली म्हणून तो भांडायला आला असेल, असं मला वाटलं.

‘साहब,’ तो म्हणाला, ‘तुमची गाडी बैठरी.’

‘उभी आहे की.’

‘नै साहब. इधर देखो.’ त्यानं मला डाव्या पुढच्या चाकाकडे नेलं. टायर आणि वरचं मडगार्ड यांच्यामधल्या फटीत त्यानं आपली एक मोसंबी घातली. आरामात गेली. मग उजव्या चाकाकडे नेलं. तिथे मोसंबी शिरेना. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, सासूबाईंनी बांधलेलं लिंबू सोडून घेतलं आणि ते घालून पाहिलं. लिंबूसुद्धा जेमतेम, सालीला ओरखडा काढून गेलं.

‘रात को इधर भी मोसंबी जारी थी,’ तो म्हणाला. ‘हवा निकलरी कहीं से. धीरे धीरे.’

आता मागे वळून पाहता, अख्ख्या प्रकरणात निदान असं काही झालं असेल तर ते हे एवढंच. पण फळवाल्याचं कोण ऐकतो? ‘हवा तर कालच भरली,’ साडूभाऊ म्हणाले आणि गाडी घेऊन जालना रोडच्या बाजूला एका काचबंद वर्कशॉपकडे निघाले. सोबत मी. गाडी उजवीकडे झुकलेली, आत टिकली, आणि दर दोन मिनिटांनी टिंग. टिकलीला आवाज झाकता येत नाही, हे तिथे लक्षात आलं.

वर्कशॉपमध्ये गारवा होता, कॉफी होती, आणि टॅब घेतलेला एक अत्यंत सुसंस्कृत तरुण होता. त्यानं आधी टिकलीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि काहीही न विचारता पुढे गेला. असल्या संस्कारांचं मला कौतुक आहे. त्यांचं मोठं यंत्र चासीपर्यंत पोचलं, कागद छापून आला. कॉम्प्रेसर मर्यादेपेक्षा जास्त चालला म्हणून स्वतःहून बंद पडलाय, असं त्यावर होतं. का जास्त चालला, ते नव्हतं.

‘सर, पुढचे दोन्ही स्ट्रट बदलू, कॉम्प्रेसर बदलू, व्हॉल्व्हचा ब्लॉक बदलू, उंचीचे सेन्सर बदलू.’

‘दोष कशात आहे?’

‘यांच्यापैकी कशात तरी असेलच, सर.’

कोटेशनचा आकडा सांगत नाही. साडूभाऊंनी तो वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला, आणि हळूच मला विचारलं, ‘भाऊ, यात गाडी परत देतात ना?’

आम्ही सरळ शहागंजात परत आलो. परत येताना गाडी इतकी बसली होती की वाटेतले सगळे गतिरोधक आम्ही नावानिशी ओळखू लागलो.

मोसंबीवाल्यानंच मग मिस्त्री आणला. पिकलेला माणूस, आयुष्य ट्रकांखाली गेलेलं. ट्रकाचे ब्रेक हवेवर चालतात, त्यामुळे हवेची गळती ही त्याच्या दृष्टीनं नवलाची गोष्ट नव्हती. त्यानं बॉनेट उघडलं नाही की यंत्र लावलं नाही. ‘सब चुप,’ एवढंच म्हणाला. शहागंजात भर बाजाराच्या वेळी! तरी आसपासचे चारदोन लोक गप्प झाले. मिस्त्री चाकाशी उकिडवा बसला, कान दिला, आणि म्हणाला, ‘आधी बालटी पानी और शॅम्पू की पुडी.’

इथे खरा पेच पडला. शॅम्पू मिळाला असता. पाणी? आमच्याकडे जायकवाडीचं पाणी एवढ्या लांबून येतं आणि इतक्या दिवसांनी येतं की नळाच्या दिवसाला घरात सणाचं महत्त्व आहे. पाहुण्यांच्या गोतावळ्यानं पिंप आधीच तळाला गेलेलं. मी आत जाऊन अर्धी बादली मागितली तेव्हा सौभाग्यवतींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं त्यांनी लग्नात पाहिलं असतं तर मी तेव्हाच परत गेलो असतो.

‘नळ परवा आहे. गाडीला सांगा परवापर्यंत थांबायला.’

‘अगं, फक्त साबणाचं पाणी करायचंय.’

त्या थबकल्या, मोरीत गेल्या आणि भांडी विसळलेल्या पाण्याची बादली बाहेर ठेवली. ‘हे घ्या. साबण आहेच त्यात.’

मिस्त्री खूश. त्यानं ते पाणी मगानं उजव्या थैलीवर ओतलं. भाताची दोनचार शितं आणि मेथीचं एक पान रबराच्या घडीवर जाऊन बसलं. आम्ही सगळे गुडघ्यावर. बराच वेळ काही नाही. मग त्या मेथीच्या पानाखालून एक बुडबुडा आला. फुगला, थरथरला, फुटला. लगेच दुसरा. पान हलकेच वर उचललं जायचं आणि परत बसायचं.

‘थैली गई,’ मिस्त्री म्हणाला.

खुलासा नंतर झाला. रबर जिथे घडी पडून सारखं वरखाली होतं, तिथेच ते वयानं तडकतं. आमचा खड्डा निमित्तमात्र. हवा तिथून सुटायची, चाकाजवळचा सेन्सर ओरडायचा की गाडी खाली आली, कॉम्प्रेसर बिचारा भरत राहायचा. गळक्या हौदाला नळाची मोटर लावल्यावर जे होतं तेच. मोटर तापली, कॉम्प्युटरनं हात टेकले, दिवा लागला.

मिस्त्रीचा सल्ला होता की थैल्यांची भानगडच नको, काढून साध्या स्प्रिंगा टाकू. भाच्यानं तोवर मोबाइलवर शोधून काढलं की १९५७ साली अमेरिकेत कॅडिलॅकनं एल्डोराडो ब्रूअम नावाची महागडी गाडी हवेवर उभी केली होती, आणि तिच्या कित्येक मालकांनी वैतागून पुढे स्प्रिंगाच बसवून घेतल्या. ‘बघा मामा, अमेरिकेतसुद्धा.’ साडूभाऊंना अमेरिकेचं नाव पटलं, स्प्रिंगा पटल्या नाहीत. ‘मग व्याह्यांना उठवून बसवून काय दाखवू?’

थैली मागवली दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून. दिल्ली दरवाजा आमच्या घरापासून फार लांब नाही, त्यामुळे सासूबाई रोज विचारायच्या, ‘एवढा वेळ का लागतोय?’ तोपर्यंत गाडी गल्लीत बसून. ट्रॅफिकवाले उचलायला आले. त्यांच्या क्रेनवाल्यानं खाली वाकून पाहिलं, हूक घालायला जागाच सापडेना, तेव्हा पावती फाडून निघून गेले. मोसंबीवाल्यानं बॉनेटवर माल मांडला. बस्ता मी स्कूटरवरून वाहिला, पायांशी शालू आणि मागे मेहुणी.

थैली आली, बसली. मिस्त्रीनं कॉम्प्रेसरचा रिले पण बदलला, कारण इतकं तापल्यावर तो पुन्हा अडकायची भीती. गाडी सुरू केली. ती हळूहळू उठली. गल्लीनं श्वास रोखला.

‘लाइट देखो, गई क्या?’ मिस्त्रीनं खालून विचारलं.

साडूभाऊंनी मीटरकडे पाहिलं. तिथे टिकली होती. त्यांनी नख लावायला हात पुढे नेला.

‘राहू द्या!’ मेहुणी ओरडली. ‘लग्न होऊन जाऊ दे. मग काढू.’

‘पण कळणार कसं?’

‘कळून करायचंय काय?’

सासूबाईंनी मान डोलावली. साडूभाऊंनी हात मागे घेतला. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं, तेव्हा मी अर्थातच ‘हं’ म्हणालो. निवाडा मोसंबीवाल्यावर आला. त्यानं गाड्यावरची एक चांगली टप्पोरी मोसंबी निवडली आणि उजव्या फटीत सरकवली. गेली. बरोब्बर बसली. टाळ्या, मिठ्या, मिस्त्रीला फेटा. त्या आनंदात साडूभाऊंनी गिअर टाकला, आणि मोसंबी काढायची राहिली.

चाक फिरलं. पचक असा आवाज झाला. गाडी थांबली. गर्दी, जी पांगायला लागली होती, ती परत फिरली. मडगार्डच्या आतून रस्त्यावर थेंब थेंब काहीतरी गळत होतं.

‘ब्रेक ऑइल,’ पंक्चरवाला म्हणाला.

बॅटरीवाल्यानं सगळ्यांना बाजूला केलं, खाली वाकला, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले.

‘गोड आहे,’ तो गंभीरपणे म्हणाला. ‘कूलंट.’